एकोणीस दारं आणि मतनियाज-आगांचे कान

मतनियाज-आगा पहिल्यांदा माझ्या टपरीवर आले तेव्हा त्यांच्या हातात चहाचा पत्र्याचा डबा होता. त्यांनी सायकल खांबाला टेकवली, सलाम केला, माझी, घरच्यांची, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली (माझ्या आईला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, पण आमच्याकडे कुणाच्या आईचे गुडघे दुखत नाहीत?) आणि डबा काउंटरवर उपडा केला. आतून सात हेडफोन पडले. वायरवाले, बिनवायरचे, मोठ्या गाद्यांचे, गळ्यात अडकवायचे.

"सगळे नाही दुरुस्त व्हायचे, आगा," मी म्हणाले. "दोन-तीन बघते."

"दुरुस्त करायला कोण सांगतंय? कोण कशानं मेलं तेवढं सांग."

उरगंच शहराच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीची जी गल्ली आहे, तिथे मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यापासून बसते. चार वर्षं झाली. गिऱ्हाईक विचारतं, किती होतील, कधी मिळेल, आणि पलीकडचा उस्ताद निम्म्यात करतो तर तू का नाही करत. वस्तू का मेली, हे तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी हातातला फोन बाजूला सारला आणि डोळ्याला भिंग लावलं.

पहिल्याची वायर पिनेपाशी तुटली होती. वरून धड, आत तांब्याचा भुगा.

"फोन कुठल्या खिशात ठेवता?"

"विजारीच्या. उजव्या."

"आणि सायकल किती चालवता?"

"रोजची सव्वीस किलोमीटर."

"मग दर पायडलला ही वायर एकाच जागी वाकलीये. याला तुमच्या मांडीनं मारलं."

त्यांनी कोटातून पेन्सिलीचं थोटूक काढलं आणि काडेपेटीच्या पाठीवर लिहिलं: मांडी.

दुसऱ्याची वायर मधोमध कापली गेली होती. ते त्यांना आधीच माहीत होतं. सायकलच्या दांडीला फावडं बांधतात, त्याच्या पात्यानं. तिसरा म्हणजे कानात खुपसायचं, बिनवायरचं एकच बोंडूक. मी ते फोनला जोडलं, तर चालू.

"हा जिवंत आहे की!"

"त्याचा जोडीदार सहा नंबरच्या दारात बुडाला. हा विधुर आहे. राहू दे बिचाऱ्याला डब्यात."

मोठ्या गाद्यांचा होता त्याची वरची पट्टी जानेवारीच्या थंडीत तडकली होती आणि गाद्या जुलैच्या घामानं सोलून निघाल्या होत्या. एकाची बॅटरी फुगली होती, कारण तो सायकलच्या कॅरिअरवर दुपारभर उन्हात राहिला होता. उरले दोन, गळ्यात अडकवायचे. दोन्ही एकाच बनावटीचे. चार्जिंगच्या भोकात पांढरा-हिरवा थर होता. मी सुईनं खरवडला, कागदावर घेतला.

"मीठ."

"घामाचं?"

"थोडं घामाचं. जास्त मातीचं. वारा सुटला की आपल्याकडे हवेतच असतं ते. पण दुसऱ्याच्या तर पार आतपर्यंत गेलंय. असं वाऱ्यानं होत नाही. काय केलंत याला?"

आगांनी डब्याचं झाकण एकदा लावून काढलं. मग म्हणाले, "धुतला."

"धुतला म्हणजे?"

"पहिला मिठानं गेला असं मलाच वाटलं होतं. म्हणून दुसरा घेतला तेव्हा दर आठवड्याला बादलीत बुडवून ठेवायचो. पाणी बदलायचं, पुन्हा बुडवायचं. तीन पाणी. शेताला करतो तसं."

मला हसू आवरेना. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या सगळ्या ख्वारझम प्रांतात हेच चालतं. शेतात पाणी तुंबवायचं, मीठ खाली उतरू द्यायचं, पाणी सोडायचं, पुन्हा तुंबवायचं. शंभर पिढ्यांनी शेताला केलं ते आगांनी हेडफोनला केलं होतं.

"हस, हस. पण शेताला चालतं ते याला का नाही चालत, ते सांग."

"शेताखाली निचऱ्याचा चर असतो. याला कुठे आहे? आत गेलेलं पाणी आतच सुकलं आणि मीठ सोडून गेलं."

"निचरा नाही," ते म्हणाले आणि काडेपेटीवर तेच लिहिलं. चेहऱ्यावर असं समाधान की जणू मी सातही जिवंत करून दिले.

---

मतनियाज-आगा शहराबाहेरच्या एका पाटाचे मिराब. मिराब म्हणजे पाटकरी. कुणाच्या शेताला कधी आणि किती पाणी जायचं ते बघणारा माणूस. पाट अकरा किलोमीटरचा, त्यावर लोखंडी पत्र्याची एकोणीस दारं. घरापासून एक नंबरच्या दारापर्यंत सहा किलोमीटर, आणि एकोणीसपासून घरी परत नऊ. वय चोपन्न. शाळा आठवीपर्यंत, कारण त्या काळी शरद ऋतू लागला की शाळा कापसाच्या शेतात भरायची आणि एका वर्षी त्यांनी तिथून परत वर्गात जायचं टाळलं ते टाळलंच. मग सहा हिवाळे परदेशात, कझानला, विटा रचल्या. परत आल्यावर नऊ वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी त्यांना मिराब निवडलं. ही निवड दर वर्षी होते. एप्रिलमध्ये पाटाचा गाळ काढायला सगळे जमतात, तो हशर संपला की काठावर पलाव शिजतो आणि हात वर करून मिराब ठरतो. नऊ वर्षं एकही हात खाली राहिला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी सुनेनं त्यांच्या फोनवर एक वाचून दाखवलेलं पुस्तक लावून दिलं. मधमाश्यांवरचं. आगांना छापलेली अक्षरं दहा मिनिटांत मुंग्यांसारखी चालायला लागतात, पण हे कानातलं पुस्तक एका दिवसात संपलं. मग नद्या आपली वाट का बदलतात ते. मग चंद्र. मग बर्फात अडकलेली जहाजं. माझ्याकडे आले तेव्हा त्यांना विचारलं, सध्या काय ऐकताय, तर म्हणाले, "सध्या मी समुद्राच्या तळाशी आहे. तिथे उजेड नसतो, तरी मासे स्वतःचा दिवा घेऊन फिरतात. तुला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं.

डबा बंद करून ते निघतील असं वाटलं, पण ते स्टुलावर बसून राहिले. मग खरं काम काढलं.

"पोरी, मला आठवा घ्यायचाय. पण तो टिकला पाहिजे, आणि घातल्यावर मला पाणी ऐकू आलं पाहिजे. हशरपर्यंत मिळाला तर घेणार. नाही तर पुस्तकं बंद."

"हशरचा काय संबंध?"

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चौदा नंबरचं दार खालून झिरपत होतं. आगांच्या त्या दिवशी दोन फेऱ्या झाल्या आणि दोन्ही वेळा ते त्याच्यावरून गेले, कानात बोंडकं घालून. पाणी रुझीमबायच्या शेतात शिरलं. रुझीमबाय म्हणजे आगांचाच आठवीपर्यंतचा वर्गमित्र, चौदा नंबरखाली टोमॅटो लावणारा. प्लॅस्टिकच्या बोगद्यात रोपं उभी केली होती, त्यातल्या दोन ओळी गेल्या.

"भरपाई देतो म्हणालो. नको म्हणाला. त्याला रोपांचं काही नाही."

"मग?"

"त्यानं बांधावरून सलाम केला होता. दोनदा. मी घेतला नाही."

रस्त्यात सलाम न घेणं म्हणजे काय, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं.

"आता तो गावभर सांगत फिरतोय. या वेळी मिराब बदला म्हणून. आणि खरं सांगू? चुकीचं बोलत नाही तो."

"मग पुस्तकं सोडा ना, आगा. पाट महत्त्वाचा."

"सोडली होती. नऊ दिवस. घाण्याच्या बैलासारखा फिरलो. एक ते एकोणीस, पुन्हा एक ते एकोणीस. दहाव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी दारं मोजतसुद्धा नाहीये." ते उठले. "बघ, काही सापडतंय का."

---

मी आठवडाभर त्यांना एकेक नमुना देत गेले. ते संध्याकाळी परत आणून द्यायचे आणि तक्रार सांगायचे. एकाच कानात घाला असं मी म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी आगा म्हणाले, "पाणी ऐकू येतं, पण कुठून येतंय ते कळत नाही. माणसाला दोन कान त्यासाठीच दिलेत वाटतं." बाहेरचा आवाज आत सोडणारे महागडे दिले, तर सायकलवर वाऱ्याचा असा घोंघाट की आगा म्हणाले, "यात पाणी नाही, विमानतळ ऐकू येतो." शिवाय ते बोंडकंच. एखादं सहा नंबरच्या दारात जायला कितीसा वेळ?

मला चुटपुट लागली. माझ्या गल्लीतले बाकीचे म्हणायला लागले, "सनोबर, म्हाताऱ्याला एक स्वस्तातला रेडिओ दे आणि सुटका करून घे." पण मला आता त्यांच्याइतकंच कुतूहल लागलं होतं. रविवारी टपरी बंद ठेवून मी सायकल काढली आणि पाटावर गेले. ज्या कानांसाठी वस्तू निवडायची ते कान कामावर तरी बघावेत.

दार नंबर सातपाशी आगा सायकलवरून उतरले. मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. त्यांनी दांडीचं फावडं सोडलं, लांब दांड्याचं. पातं पाण्यात घालून दाराच्या पत्र्याला टेकवलं आणि दांड्याचं वरचं टोक स्वतःच्या गालफडावर, कानाच्या अगदी पुढच्या हाडावर दाबलं. डोळे मिटले.

"काय करताय?"

"श्श." मग म्हणाले, "खालून सूं सूं करतंय. डाव्या कोपऱ्यात. रबर गेलंय. वरून पाण्यात काही दिसत नाही ना, मग असं विचारायचं."

"द्या इकडे."

मी दांडा कानाच्या भोकावर लावला. काही नाही.

"कानाला नाही, वेडे. हाडाला."

हाडाला लावला, आणि पाण्याखालचं ते दार एकदम माझ्या डोक्यात बोलायला लागलं. बारीक, तिखट, सापासारखा आवाज. आणि त्याच वेळी बाहेरचा वारा, आगांचा श्वास, पलीकडच्या गाढवाचं ओरडणं, सगळं कानांतून जसंच्या तसं येत होतं.

मी दांडा सोडून दिला. फावडं पाटात पडलं असतं, आगांनी धरलं.

"झालं काय?"

"मी गाढव आहे," मी म्हणाले. "असे हेडफोन मिळतात, आगा. हाडावर बसणारे. कान मोकळे राहतात. मागच्या वर्षी घाऊक बाजारात दोन पडले होते, कुणी घेत नाही म्हणून मीही घेतले नाहीत."

"हाडावरून पुस्तक?" त्यांनी स्वतःचं गालफड चाचपलं, जणू तिथे काही आधीपासून बसवलेलं आहे का ते बघत होते. "आणि दांडा लावल्यावर? दोन्ही एकाच हाडावरून कसे जातील? भांडणार नाहीत?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. "भांडतील," मी म्हणाले. "दांडा लावताना बंद करावा लागेल."

"ते बरंय. तेव्हा मी उतरलेलाच असतो."

---

घाऊक बाजारात तीन जातीचे निघाले. इथे मात्र मला कुणाचं ऐकायचं नव्हतं. डब्यातल्या सात जणांनी मला पुरेसं शिकवलं होतं.

एकाला चार्जिंगचं भोक होतं, वर रबरी झाकण. मी तो बाजूला केला. झाकण आज घट्ट असतं, सहा महिन्यांनी नसतं, आणि मीठ घाईत नसतं. दुसऱ्याला भोकच नव्हतं. दोन गोल टिकल्या, त्यांना चुंबकानं वायर चिकटते. तिसऱ्यालाही तसंच, पण त्याची डोक्यामागची पट्टी नुसत्या प्लॅस्टिकची. मी तिला वाकवलं, बर्फाच्या खणात रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा वाकवलं. कडकन गेली. दुकानदाराला ती दाखवली तेव्हा तो माझ्यावर ओरडला, मग मी त्याला डब्यातली तडकलेली पट्टी दाखवली, मग तो दुसऱ्या गिऱ्हाइकावर ओरडायला गेला.

उरला तो दुसरा. आत पोलादी तार, वरून मऊ रबर. मी निचऱ्याच्या चरातलं पाणी आणलं, जे पाटाच्या पाण्याहून कितीतरी खारट असतं, त्यात तो अर्धा तास बुडवला, न पुसता वाळवला, पुन्हा बुडवला. पाच दिवस. टिकल्यांवर पांढरं साठलं ते ओल्या फडक्यानं निघून आलं. सायकलच्या कॅरिअरवर बांधून खडीच्या रस्त्यानं गेले. हँडलवरून तीनदा पाडला. शेवटी आगांची मेंढीच्या कातड्याची भलीमोठी टोपी मागवून घेतली, कारण थंडीत ती कानांवर येते आणि पट्टीला दाबते. पट्टी टोपीखाली बसली. आवाज उलट बरा झाला.

किंमत ऐकून आगा म्हणाले, "अर्धी मेंढी." मग बोटांवर काही मोजलं. "ते सात मिळून एक अख्खी झाली होती. दे."

त्यांनी तो घातला तेव्हाचा चेहरा मला सांगता येणार नाही. माझ्या टपरीसमोर उभे राहिले आणि गल्लीतल्या प्रत्येक माणसाचा सलाम घेतला. ज्यांनी केला नव्हता त्यांचाही.

"ऐकू येतंय?" मी विचारलं.

"तळाशी एक आठ पायांचा प्राणी आहे, त्याला तीन हृदयं असतात. आणि तुझ्या शेजारचा तो फोनवर बायकोला खोटं बोलतोय."

हशरला आठ दिवस होते. माझ्या हिशेबानं प्रश्न सुटला होता.

---

आगांच्या हिशेबानं सुटला नव्हता. त्यांना तपासायचं होतं.

"तू मिठाला तपासलंस, थंडीला तपासलंस. मला कुठे तपासलंस?"

तेव्हा पाटात गुडघाभर पाणी होतं, कुणाची पाळी चालू नव्हती. ठरलं असं की त्यांची बायको अनाजान-खाला आणि मी पहाटे जाऊन एकोणीसपैकी पाच दारं बोटभर सैल करायची. कुठली ते त्यांना सांगायचं नाही. मग ते सायकलवरून जाणार आणि सैल दार ओळखलं की उतरणार. पहिल्या दिवशी काही न घालता, दुसऱ्या दिवशी दोन तारांच्या दुताराचं वादन लावून, तिसऱ्या दिवशी पुस्तक लावून. दारं रोज वेगळी.

खाला पहिल्या दिवशी चिखलात पाय घालतानाच म्हणाली, "तीस वर्षं या माणसाशी संसार केला. दुसऱ्यांचे नवरे बायकांना लग्नाला नेतात, थिएटरात नेतात. मला याच्या पाटात उतरवलं." पण तिसऱ्या दिवशी तिनंच सांगितलं, "अकरा नंबर कर. तिथे तो नेहमी घाईत असतो."

पहिल्या दिवशी त्यांनी पाचपैकी चार ओळखली. दुताराच्या दिवशीही चार. मी खूश. तिसऱ्या दिवशी मी आणि खाला एकोणीस नंबरपाशी बसलो होतो, अंड्याचे बराक, म्हणजे अंडं भरून उकडलेल्या करंज्या, आणि चहा घेऊन. आगा आले, सायकल आडवी टाकली, बसले.

"दोनच सापडली," ते म्हणाले. "तीन नंबर आणि सतरा नंबर."

पाच होती: तीन, आठ, अकरा, बारा, सतरा.

"वारा होता," मी म्हणाले.

"वारा नव्हता."

"एकदा पुन्हा करून बघू."

"थांब. मला सांगू दे." ते डोकं खाजवत होते, वैतागून नाही, कोडं सुटत असल्यासारखं. "आठ नंबरपाशी मला पाणी ऐकू आलं. आत्ता आठवतंय की आलं होतं. पण मी उतरलो नाही. आणि तीन नंबरपाशी उतरलो, तर त्या वेळी पुस्तकात काय चाललं होतं ते मला बिलकुल आठवत नाही. पुढची दोन पानं गायब. मग कानांचा काय दोष? कान मोकळेच होते."

"दुताराला असं नाही झालं."

"दुतारात काही समजून घ्यायचं नसतं ना. तो नुसता सोबत चालतो."

खालानं त्यांच्यापुढे ताट सरकवलं. "खा आधी. आणि हशरला यातलं एक अक्षर बोलू नका. हेडफोन दाखवा, सलाम घेऊन दाखवा, झालं."

मलाही तेच वाटत होतं. आगांनी एक बराक तोंडात टाकला.

---

हशरच्या दिवशी चाळीसएक माणसं होती. सकाळपासून गाळ उपसून सगळ्यांच्या पाठी मोडल्या होत्या. दुपारी तुतीच्या झाडाखाली सतरंज्या टाकल्या, कढईत पलाव दमाला लावला, आणि पंचायत सुरू झाली. आगांनी मला हेडफोन समजावून सांगायला बोलावलं होतं.

रुझीमबाय उभा राहिला. जाडजूड माणूस, कोपरापर्यंत चिखल.

"पाणी सांडलं, सांडतं. माणूस आहे. माझी दोन ओळी रोपं गेली, मी गप्प बसलो. पण मी बांधावरून सलाम केला, एकदा नाही, दोनदा, आणि हा पठ्ठ्या मान खाली घालून पुढे! माझा सलाम काय कोल्ह्यानं न्यायचा? ज्याला माणूस ऐकू येत नाही त्याला पाणी काय ऐकू येणार?"

"बरोबर आहे," मागून दोघं-तिघं म्हणाले.

मी पुढे झाले. हाडाचं समजावून सांगितलं, फावड्याच्या दांड्याचं उदाहरण दिलं, ते सगळ्यांना लगेच पटलं. मग म्हणाले, "रुझीमबाय-आगा, तुम्हीच घालून बघा."

त्यानं नाइलाजानं घातला. मी पुस्तक चालू केलं. त्याच्या भुवया वर गेल्या. मी खूण केली तशी त्याच्या पाठीमागून, वीस पावलांवरून, आचाऱ्यानं अगदी साध्या आवाजात म्हटलं, "अस्सलाम आलेकुम, रुझीमबाय."

"वालेकुम अस्सलाम," रुझीमबाय वळून म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला कळलं. सगळा हशर हसून लोळला. रुझीमबायसुद्धा हसला. कुणीतरी ओरडलं, "चला, हात वर करा, पलाव निवतोय!"

झालं होतं. मी हेडफोन परत घेऊन घडी करत होते. तेवढ्यात मतनियाज-आगा उठले.

"एक मिनिट. हिनं सांगितलं ते खरं आहे. पण अर्धं आहे."

मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. खालानं ओढणी तोंडाला लावली.

"हे घालून मी पाट फिरलो. माणूस ऐकू येतो, पाणीही ऐकू येतं. पण पुस्तक चालू असताना मी पाचपैकी तीन दारं सोडली. ऐकू येऊन सोडली. म्हणजे मार्चमध्ये माझे कान बंद होते म्हणून चौदा नंबर गेलं, असं मला म्हणता येणार नाही. उघडे असते तरी कदाचित गेलं असतं. हे तुम्हाला माहीत असावं, मग हात वर करा."

आचाऱ्यानं कढईवरचं झाकण उचललं होतं ते तसंच धरून तो उभा.

"मग हे मोजायला तुला कुणी सांगितलं होतं?" रुझीमबायनं विचारलं.

"कुणी नाही. मला बघायचं होतं."

"आणि आता काय? पुस्तकं सोडणार?"

"नाही. घरापासून एक नंबरपर्यंत सहा किलोमीटर आहेत आणि एकोणीसपासून घरी नऊ. तिथे दारं नाहीत. तिथे ऐकणार. एकपासून एकोणीसपर्यंत हा हँडलला टांगलेला राहील. हा मोठा आहे, लांबून दिसतो. ज्याला गळ्यात किंवा डोक्यावर दिसेल त्यानं मला पाटावरून खाली उतरवावं."

"दुतार?" मागून कुणीतरी विचारलं.

"दुतारही नाही. आज दुतार, उद्या म्हणेन बारकंसं पुस्तक."

बराच वेळ कुजबुज चालली. एक म्हातारा म्हणाला, त्याच्या बापाच्या वेळचा मिराब दिवसभर गायचा आणि पाट कधी फुटला नाही. दुसरा म्हणाला, फुटला होता, तुझ्याच शेतात. मग हात वर झाले. मी मोजले नाहीत, पण पुष्कळ होते. सगळे नव्हते. नऊ वर्षांत पहिल्यांदाच सगळे नव्हते, आणि आगांनी ते खाली राहिलेले हात एकेक करून नीट बघितले. रुझीमबायचा हात वर नव्हता, पण तो खालीही नव्हता, तो डोकं खाजवत होता, आणि शेवटी कुणी विचारलं तेव्हा म्हणाला, "धरा वर. पण चौदा नंबर मी स्वतःही बघणार."

"बघ," आगा म्हणाले.

पलाव वाढताना मी त्यांच्यावर चिडलेच. "जिंकलो होतो की आपण! काय गरज होती?"

"तू पाच दिवस त्याला मिठात बुडवलंस," ते म्हणाले, "तो टिकला नसता तर मला सांगितलं असतंस का नाही?"

"सांगितलं असतं."

"मग जेव."

पाणी तिसऱ्या दिवशी सुटलं. टिकल्यांवर पहिल्या फेरीत किती धूळ बसते ते मला बघायचं होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर सायकलवरून निघाले. सहा किलोमीटर ते पुस्तक ऐकत होते. मधेच हसत होते, मधेच "अरे वा" म्हणत होते. एक नंबरचं दार पन्नास पावलांवर आलं आणि त्यांनी ब्रेक दाबला. एक पाय जमिनीवर टेकवून तसेच उभे राहिले.

दारापाशी रुझीमबाय आधीच येऊन थांबला होता. पहिल्याच दिवशी लक्ष ठेवायला.

"काय रे, पाणी येऊन ठेपलंय! का थांबलास?"

"दोन मिनिटं राहिलीत."

"कशाची?"

"प्रकरण संपायची. दाराच्या अलीकडेच उभा आहे ना मी?"

रुझीमबायनं दाराकडे बघितलं, मग आमच्यातल्या पन्नास पावलांकडे. मग जिभेखाली चिमूटभर नास, आमच्याकडची हिरवी तंबाखू, टाकला आणि काठावर बसून घेतलं.